एका ‘सॉर्ट’साठी तीन आठवडे

मागच्या नोंदीतली टेस्ट आठवत असेल: सीपॅन, म्हणजे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मॉड्यूलांचा सार्वजनिक साठा, त्यावरच्या एका छोट्या मॉड्यूलची, कधी पास, कधी फेल. कारण सापडलं. पर्ल ५.१८ पासून, म्हणजे २०१३ पासून, हॅशमधल्या (की-व्हॅल्यू जोड्यांच्या साठ्यातल्या) कीजचा क्रम दर रनला बदलू शकतो, आणि मॉड्यूल तो क्रम कायम राहील असं धरून चाललं होतं. या क्रमावर परिणाम करणाऱ्या पर्ल_हॅश_सीड या सेटिंगला वेगवेगळे आकडे देत गेलो, तेव्हा हव्या त्या वेळी टेस्ट पाडता यायला लागली. ‘कीज’च्या आधी क्रम लावणारं ‘सॉर्ट’ घातलं, की झालं.

खरी दमछाक त्यानंतर, ही दुरुस्ती मॉड्यूल सांभाळणाऱ्या मेंटेनरपर्यंत पोचवताना झाली.

मॉड्यूलची माहिती देणाऱ्या मेटा.जेसन फाईलमध्ये रिपॉझिटरीचा (मूळ कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ताच नाही. पॉडमधली, म्हणजे मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनमधली, लिंक एका बंद पडलेल्या सबव्हर्जन (व्हर्जन कंट्रोल) सर्व्हरची. आरटी या सीपॅनच्या बग-नोंदणीच्या रांगेत याच बगच्या तीन तक्रारी निघाल्या, एकीला तर माझ्यासारखाच पॅच (दुरुस्तीचा कोड) जोडलेला. ते बघून वाईट वाटलं. कुणीतरी एवढी मेहनत घेतली आणि ती तशीच पडून राहिली.

गिटहबवर रिपो शेवटी सापडला. पण त्यात मॉड्यूल बिल्ड करायची नेहमीची मेकफाईल.पीएल नाही, नुसती डिस्ट.इनी. म्हणजे ती वाचून बिल्ड करणारं डिस्ट-झिला हे टूल हवं, त्यावर लेखकाचा स्वतःचा प्लगिन बंडल हवा, आणि त्यातला एक प्लगिन माझ्या पर्लवर बसेना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग ‘सीपॅनएम --लुक’ने सीपॅनवरचा टारबॉल (बिल्ड होऊन प्रसिद्ध झालेल्या कोडचं गाठोडं) उघडला, बदल तिथे केला, ‘प्रूव्ह -एल’ने टेस्ट चालवल्या. सगळं हिरवं. तोच डिफ (केलेल्या बदलांची फाईल) रिपोवर लावला तर त्यातला एक हंक, म्हणजे एक तुकडा, रिजेक्ट! बिल्ड होताना डिस्ट-झिला व्हर्जनची ओळ घालतं आणि पॉड नव्याने विणतं, त्यामुळे दोन्हीकडची फाईल सारखी नसते. तो हंक हाताने बसवला. तुम्ही टारबॉलवर काम करत असाल तर डिफ लहान ठेवा आणि पॉडला अजिबात हात लावू नका.

पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) टाकून अकरा दिवस झाले, उत्तर नाही. पॉजवर, म्हणजे सीपॅनवर मॉड्यूल चढवायच्या सर्व्हरवर, को-मेंट (सह-मेंटेनरचा हक्क) मागता येतं, मॉड्यूल दत्तकही घेता येतं, पण मेंटेनरला थेट मेल न लिहिता तिकडे वळणं मला पटत नाही. मेल आज रात्री लिहीन. दरम्यान आरटीवरच्या तिन्ही तक्रारींखाली रिक्वेस्टची लिंक दिली आहे, म्हणजे चौथ्या माणसाला पहिल्यापासून खणत बसावं लागणार नाही.