ब्रोशर उघडलं की आधी तळमजला बघा

नव्या प्रोजेक्टचं ब्रोशर हातात आलं की मी फ्लॅटचे प्लॅन बाजूला ठेवते आणि आधी तळमजला शोधते. वर बेडरूम केवढी आहे ते घेणारा बघेलच, पण बिल्डिंगचं शहराशी काही नातं आहे का ते खालीच कळतं. आणि खाली असतं काय, तर पार्किंग, मीटर रूम, जनरेटर आणि सगळ्याभोवती लांबलचक कंपाउंड वॉल. बाहेरून चालणाऱ्याला एक दार नाही की खिडकी नाही, मग तो रस्ता संध्याकाळनंतर सुनसान, आणि सुनसान म्हणून भिंत अजून वाढवा, कॅमेरे लावा. येणाजाणाऱ्यांवर आपसूक पडणाऱ्या नजरांमुळे रस्ता सेफ राहतो हे शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्सनं 1961 मध्येच सांगून ठेवलंय.

म्हणून सगळं उघडंच टाका असंही नाही हं. फुटपाथला चिकटून हॉलची मोठ्ठी काच दिली तर राहायला येणारा पहिल्याच आठवड्यात पडदे लावतो आणि ते परत कधी उघडत नाहीत, म्हणजे काच असून भिंतच. त्यापेक्षा तळमजला दोन-अडीच फूट वर घ्या. आत खुर्चीत बसलेल्याचे डोळे बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा जरा वर येतात, त्याला रस्ता दिसतो आणि कुणी घरात डोकावतंय असं वाटत नाही. (व्हीलचेअरसाठी रॅम्प मात्र हवाच, तो नंतर सुचतो आणि मग कुठेतरी मागच्या बाजूला चिकटवतात.) पुढे तीनेक मीटरची पट्टी, कुंड्या, एक बाक, सायकल. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यान गेल वर्षानुवर्षं याच पट्टीबद्दल बोलतायत, एवढ्या अंतरावरून दोन शब्द बोलता येतात आणि नको असेल तर गप्पही बसता येतं. त्यांचंच म्हणणं की पाचव्या मजल्याच्या वर रस्त्याशी संबंध जवळपास संपतो, तिथून चेहरा ओळखू येत नाही.

मग उंच बिल्डिंगचं काय? रस्ताच वर न्यायचा प्रयत्न झालाय. इंग्लंडमध्ये शेफिल्डला 1961 मध्ये पार्क हिल नावाची फ्लॅटची मोठी वसाहत उघडली, घरांच्या दारांपुढून जाणारे रुंद डेक, इतके की दूधवाल्याची छोटी गाडी त्यावरून फिरायची. पण खरी गंमत उताराची, छप्पर एका लेव्हलला ठेवलं आणि जमीन चढत गेली, त्यामुळे बरेचसे डेक सरळ चालत जमिनीवर उतरतात. तीच आयडिया लंडनच्या रॉबिन हूड गार्डन्स या वसाहतीत 1972 ला आली, पण तिथले डेक टोकाला लिफ्ट-जिन्यापाशी संपायचे, पुढे कुठे जातच नव्हते, मग ज्याचं घर तिथे आहे तोच तिथून जाणार. 2017 मध्ये ती वसाहत पाडायला घेतली. फक्त डेकमुळे असं मी म्हणणार नाही, देखभाल आणि पैशाचं राजकारण खूप होतं, आणि पार्क हिलचेही मधली काही वर्षं हाल झालेच.

माझी मागणी तशी साधी आहे. पार्किंग मागे किंवा बेसमेंटला न्या आणि तळमजल्याच्या घरांना रस्त्यावर उघडणारी स्वतःची दारं द्या, सगळ्यांना एकाच लॉबीतून आत घेऊ नका. यावर ठरलेलं उत्तर येतं की तळमजल्याचे फ्लॅट विकलेच जात नाहीत. अहो, खिडकीसमोर गाडीचं बॉनेट आणि त्याच्या मागे कंपाउंड वॉल, असला फ्लॅट कोण घेईल?