खळ, दाभण आणि दहावीचे संच

मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला की मी परसात स्टोव्ह मांडते आणि मैद्याची खळ करायला घेते. खळीत मोरचूद घालते, म्हणजे पुस्तकांना कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून त्याचं पातेलं वेगळं, ते घरात येत नाही. सासऱ्यांचं इथं सांगलीत, गणपती पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान राहिलं नाही, त्यांची दाभण मात्र अजून माझ्याकडे आहे.

आमच्या रोटरी क्लबच्या पुस्तक पेढीचं काम मी २०१४ पासून बघते. काम साधं आहे. परीक्षा संपलेल्या मुलांकडून पुस्तकं गोळा करायची, शिवायची, चिकटवायची, खाकी कव्हर घालायचं आणि जूनमध्ये पुढच्या मुलांना द्यायची. संचामागे शंभर रुपये अनामत घेतो आणि संच परत आला की शंभरची नोट परत देतो. फुकट का देत नाही, असं क्लबमध्ये बरेचदा विचारतात. अनामत ठेवलेलं पुस्तक मूल जपतं आणि आणून देतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. ज्याला तेही जमत नाही, त्याचे शंभर आमच्यातलंच कुणीतरी भरतं, मुलाला न सांगता.

पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. मूल नववीत गेलं की ती विकत घ्यावी लागतात, आणि अकरावी सायन्सला तर गणिताचेच दोन भाग. नेमकं याच वयात घरात चर्चा सुरू होते, पोरीला पुढं शिकवायचं की नाही. तेव्हा हातात पुस्तकांचा गठ्ठा असला तर बोलणं वेगळ्या वळणावर जातं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि शाळा उघडते जूनच्या मध्यात. म्हणजे वाटपाच्या वेळी जुने अध्यक्ष निरोपाच्या तयारीत आणि नवे अजून खुर्चीवर बसायचे. म्हणून हे काम कुणा एकाच्या वर्षाचं ठरत नाही. ते शनिवारी येऊन बसणाऱ्या आम्हा सहा-सात जणांचं आहे.

२०१९ च्या पुराची गोष्ट सांगायलाच हवी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शिल्लक संच मी तळमजल्यावरच्या खोलीत ठेवले होते. २००५ चा पूर पाहिलेली बाई मी, तरी ठेवले. चूक माझीच. पाणी ओसरल्यावर दार उघडेना, आतून फुगलेल्या पुस्तकांनी ते दाबून धरलं होतं. एकेक पान सोडवायला गेलं की अक्षरं समोरच्या पानावर निघून यायची.

त्याहून वाईट म्हणजे जूनमध्ये वाटलेले संचही गावभाग, खणभागातल्या घरांबरोबर बुडाले. दहावीचा अभ्यासक्रम २०१८ सालीच बदललेला, त्यामुळे चालतील अशी जुनी पुस्तकं फक्त आदल्या वर्षी पास झालेल्या एका तुकडीकडे होती. आम्ही तासगाव, विटा भागातल्या ओळखीच्यांना फोन केले. माणसं टेम्पो भरून आली. दहावीचे संच घरोघरी फिरून गोळा केले होते, काहींच्या पहिल्या पानावर त्या मुलांनी पेनानं ‘चांगला अभ्यास कर’ असं लिहिलं होतं.

गेल्या वर्षी हळदीच्या गोदामात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांनी मुलीसाठी अकरावी सायन्सचा संच नेला. एप्रिलमध्ये ते स्वतःच परत द्यायला आले. रसायनशास्त्राच्या पुस्तकाचं कव्हर बदललेलं होतं, आणि नव्या कव्हरच्या प्रत्येक घडीवर पिवळी बोटं उमटलेली.

“वहिनी, आधीचं फाटलं होतं. रात्री कामावरून आल्यावर मीच घातलं. हात धुतले होते, पण हळद जात नाही बघा लवकर.”

मी शंभरची नोट पुढं केली. ती न घेता ते म्हणाले, “बारावीच्या संचाला धरा.”

ते कव्हर मी बदललेलं नाही. बाकीच्या गठ्ठ्याचं शिवणकाम या शनिवारी चारपासून आमच्या परसात आहे. अकरावी सायन्सचे संच अजून कमी पडताहेत. घरात माळ्यावर असतील तर घेऊन या, फाटके असले तरी चालतील.