रेस कारच्या टाकीचा लेव्हल सेन्सर आणि फॉर्ममधला तो एक रकाना

भाच्याच्या ट्रॅक कारमध्ये पेट्रोल किती उरलंय ते दाखवणारा सेन्सर बसवायचा, एवढंच काम होतं. गाडी आमच्याच कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाळ्यात बांधली, ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा वेल्ड झाला, ब्रेकच्या लाइनी ओढल्या, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप झाला, ते सगळं सरळ पार पडलं म्हणून त्याबद्दल लिहीत बसत नाही. अडलो ते सेन्सरवर, आणि खरं सांगायचं तर सेन्सरवर पण नाही, तो विकणाऱ्यांच्या फॉर्मवर. अजून डोक्यातनं जात नाही.

आधी टाकी सांगतो, कारण सेन्सर टाकी बघून ठरतो, कॅटलॉग बघून नाही. आमची टाकी अॅल्युमिनियमची, ५० बाय ४० आणि खोली फक्त २० सेंटिमीटर, म्हणजे ४० लिटर. आत सेफ्टी फोम ठासून भरलेला. पेट्रोल हिंदकळू नये आणि धडक बसली तर भडका उडू नये म्हणून हा फोम असतो. टाकी अशी चपटी असली की एक सेंटिमीटर लेव्हल चुकली की २ लिटरचा घोळ, म्हणजे साधारण दीड किलो. छोट्या रेसला लोक एकेक किलो मोजतात. आणि उलट्या बाजूनं पेट्रोल कमी पडलं तर लांब वळणात पंप हवा ओढतो, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन जातो, तो खर्च सगळ्यांना माहितीच आहे. काहीजण म्हणाले कशाला सेन्सर, कांडी बुडवून बघा की. फोमच्या टाकीत कांडी खालीच जात नाही ओ.

नेहमीच्या गाडीत असतो तो दांडीचा फ्लोट पहिल्यांदाच बाद केला. दांडी गोलात फिरते, तिला मोकळी जागा लागते, फोम कापून एवढी पोकळी केली तर फोमचा उपयोग काय राहिला? शिवाय प्रत्येक मीटरचे ओहम वेगळे, अमेरिकन २४० ते ३३, युरोपियन १० ते १८०, मीटर एकाचा आणि सेंडर, म्हणजे टाकीतला सेन्सर, दुसऱ्याचा आणला तर काटा भलतंच दाखवणार. दुसरा प्रकार म्हणजे नळीवर वरखाली होणारा फ्लोट, आत रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की लागणारे छोटे स्विच. चांगला असतो, स्वस्त पण, पण तो पायऱ्यापायऱ्यानं वाचतो, १० मिलिमीटरची पायरी धरली तर आमच्या टाकीत २ लिटरचा टप्पा. म्हणून कपॅसिटिव्ह घ्यायचं ठरवलं. नळीत नळी, मधल्या फटीत पेट्रोल चढतं, हलणारं काहीच नाही, आणि बाहेरच्या नळीला बारीक भोक असल्यानं आतलं पेट्रोल पटकन उचंबळत नाही. फोमला फक्त नळीएवढं भोक लागतं. ते भोक आमच्या मिस्त्रीनं जीआय पाइपच्या तोंडाला आतनं धार लावून पाडलं, पाइप हळूहळू फिरवत खाली घातला आणि फोमचा गाभा अख्खा बाहेर आला, चुरा नाही. चुरा राहिला तर तो आधी स्ट्रेनर आणि मग फिल्टर चोक करतो, त्यामुळं हे काम कटरनं करू नका.

आता कपॅसिटिव्हची एक गोष्ट आहे आणि सगळं रामायण तिथनंच सुरू झालं. हा सेन्सर पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक आकडा वाचतो, म्हणजे नळ्यांमधल्या फटीत विजेचा चार्ज किती साठतो ते. निव्वळ पेट्रोलचा तो २ च्या आसपास असतो आणि इथेनॉलचा २४-२५. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा चांगलाच वर जातो, आणि निव्वळ पेट्रोलवर सेट केलेला सेन्सर ई२० मध्ये, म्हणजे अशा २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये टाकला की आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. कमी दाखवला तर एक वेळ चालेल, जास्त दाखवणं म्हणजे गाडी ट्रॅकवर बंद पडणं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतनं इथेनॉल निघतं, ई२० काय ते इथं शेतकऱ्याच्या पोराला पण सांगावं लागत नाही.

आणि वितरकाच्या फॉर्ममध्ये 'इंधन' या रकान्यात तीन चौकोन. पेट्रोल, डिझेल, मिथेनॉल. संपलं. मी रिमार्कच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं की ई२० आहे, २० टक्के इथेनॉल, सेन्सर त्याप्रमाणं सेट करून द्या किंवा जागेवर सेट करता येईल असा द्या. फॉर्म परत आला, 'इंधन निवडलेले नाही'. परत पाठवला, परत आला. फोन केला तर, "सर, पेट्रोलला टिक करा, प्रोसेस होऊन जाईल." म्हटलं, "मॅडम, पेट्रोल म्हणजे कुठलं पेट्रोल? पंपावर मिळतं ते निव्वळ पेट्रोल नाहीये." "सर, सिस्टिममध्ये दुसरा ऑप्शन नाहीये." त्या बाईंचा दोष नाही, त्यांच्यापुढं जो स्क्रीन आहे तेवढंच त्या बोलणार. पण ज्यानं तो फॉर्म बनवला त्यानं एकदा तरी भारतातल्या पंपावर काय मिळतं ते बघायला नको का? अॅडव्हान्स आधीच भरून घेतलेला, त्यामुळं दुसरीकडं पण जाता येईना.

बरं एवढ्यावर थांबलं नाही. टाकीचं ड्रॉइंग त्यांच्याच नमुन्यात पाहिजे, सही-शिक्क्यासकट. दिलं. मग नळीची लांबी. फॉर्मवर नुसतं 'इन्सर्शन लेंथ' छापलंय, ती फ्लँजच्या, म्हणजे सेन्सर टाकीवर बसवायच्या चकतीच्या, खालच्या बाजूपासून की गॅस्केट दाबल्यावरची ते कुठंच नाही. २० सेंटिमीटरच्या टाकीत नळी तळाला टेकता कामा नये, थोडी फट ठेवावी लागते, आणि फट जास्त ठेवली तर शेवटचं पेट्रोल वाचताच येत नाही, तेच तर आपल्याला बघायचं असतं. अर्ध्या सेंटिमीटरला १ लिटर जातंय इथं! ईमेल केला, उत्तर आलं 'कृपया फॉर्म पूर्ण भरा'. भाचा रोज विचारतोय, "मामा, आला काय?" आणि रेसची तारीख पुढं दिसतेय, गाडी स्टँडवर, टाकीच्या झाकणाला पॉलिथिन बांधलेलं.

शेवटी काय केलं सांगतो, कारण याचा उपयोग झाला. मोजपट्टीची काचेची नळी घेतली, १०० मिली पंपावरचं पेट्रोल, त्यात १० मिली पाणी, तोंड बंद करून जोरात हलवलं आणि ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरनं फुगून तिशीच्या आसपास आला, रेघ एकदम स्पष्ट. त्याचा फोटो काढला आणि फॉर्म न लावता नुसता फोटो पाठवला, खाली एकच ओळ, 'हे आमचं पेट्रोल आहे, तुमच्या टेक्निकल माणसाला दाखवा.' त्याच संध्याकाळी एका इंजिनिअरचा फोन. दोन मिनिटं बोलला असेल. "सर, सेट वायरवाला व्हर्जन घ्या. रिकाम्या टाकीत एकदा वायर ग्राउंड करायची, भरलेल्या टाकीत एकदा, झालं. आणि लांबी फ्लँजच्या खालून धरायची." एवढंच! म्हणजे टाकीत जे पेट्रोल आहे त्यावरच सेन्सर जागेवर सेट होतो. ही दोन वाक्यं फॉर्मवर छापली असती तर आमचा मनस्ताप वाचला असता. सुटल्यासारखं वाटलं आणि राग पण तेवढाच आला. तेव्हा रिमार्कच्या रकान्यावर भरवसा ठेवू नका, पैसे भरायच्या आधी टेक्निकलचा नंबर मागा, देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

सेन्सर आल्यावर पुढचं सोपं. जागा टाकीच्या मधोमध. कडक ब्रेकला १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर लागला की पेट्रोलची पातळी ४५ अंशात कलते, कडेला सेन्सर असेल तर तो कधी भरलेली दाखवेल कधी रिकामी, मध्यावर फरक सगळ्यात कमी. तरी पण लॉगरमध्ये, म्हणजे रीडिंग नोंदवणाऱ्या यंत्रात, २०-३० सेकंदांची सरासरी लावा. ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला द्या, पंपाच्या ग्राउंडला जोडलं तर पंप चालू झाला की रीडिंग हलतं. कॅलिब्रेशन करताना लिटरच्या मापानं ओतू नका, कॅन काट्यावर ठेवून किलोत मोजा, उन्हात पेट्रोल फुगतं पण वजन तेच राहतं. आणि गाडी स्टँडवर नको, चाकांवर उभी पाहिजे, पुढं जेवढी झुकलेली असते तेवढीच झुकलेली.

पहिल्यांदा कोइमतूरला करी स्पीडवेवर नेली तेव्हा सेशन संपल्यावर सगळं पेट्रोल उपसून वजन केलं. लॉगरचा आकडा आणि काटा जवळजवळ जुळले. भाच्यानं बाजूच्या टीमला बोलावून दाखवलं, मला पण लई भारी वाटलं. एक मात्र लक्षात ठेवा, दुसऱ्या राज्यात दुसऱ्या पंपावर भरलं की ती नळीतली पाण्याची टेस्ट परत करा, इथेनॉल कमी असेल तर सेन्सर कमी दाखवणार.

आणि हो, राहिलंच. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी तळाला बसलं की हा सेन्सर वेड्यासारखं काहीही दाखवतो, पाण्याचा आकडा ८० च्या आसपास आहे. फ्लँजचा ओ-रिंग व्हायटॉनचाच, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचाच मागा, बरोबर आलेला साधा रबरी आम्ही बसवलाच नाही, शिरोलीच्या एका सील बनवणाऱ्याकडनं त्याच मापाचा व्हायटॉनचा करून घेतला.