अंतराळातल्या बॅटलक्रूझरने काय सोडायचे?

विज्ञानकथांमधल्या आरमारांत बॅटलक्रूझर हा नौकावर्ग हटकून आढळतो. तोफा मोठ्या युद्धनौकेच्या तोडीच्या आणि वेग मात्र तिच्याहून कितीतरी अधिक. हलक्या गस्तनौकांना गाठून नामोहरम करायचे आणि आपल्याहून बलाढ्य कोणी समोर आले तर निसटून जायचे, हे तिचे काम. या वर्गाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. लेखक तिला सगळे काही बहाल करतात, पण त्या बदल्यात तिच्याकडून काहीच काढून घेत नाहीत.

समुद्रावर हा वर्ग जन्माला आला तेव्हा देवाणघेवाणीचा हिशेब कागदावर स्वच्छ मांडलेला होता. ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल जॉन फिशर यांच्या आग्रहातून दोन नौका जवळजवळ एकाच वेळी आकाराला आल्या. १९०६ साली सेवेत आलेल्या ‘ड्रेडनॉट’वर १२ इंची दहा तोफा होत्या, कमरेच्या पट्ट्याचे चिलखत ११ इंच जाड होते आणि वेग २१ नॉट (ताशी सागरी मैल) होता. १९०७ साली पाण्यात उतरलेल्या ‘इन्व्हिन्सिबल’ या पहिल्या बॅटलक्रूझरवर त्याच जातीच्या आठ तोफा होत्या, वेग २५ नॉट होता आणि चिलखत अवघे ६ इंच. पाण्याचा विरोध असा चढत जातो की लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे या चार नॉटांसाठी २३ हजार अश्वशक्तीच्या जागी ४१ हजार अश्वशक्ती आणि १८ बॉयलरांच्या जागी ३१ बॉयलर बसवावे लागले. त्यांची जागा आणि त्यांचे वजन कुठून तरी निघायला हवे होते. ते दोन तोफांमधून आणि पाच इंच पोलादातून निघाले.

ज्या कामासाठी ती बांधली होती, ते तिने चोख केले. ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळ ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ यांनी जर्मन क्रूझर ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ यांना गाठून बुडवले. जर्मन नौकांना ना पळता आले, ना तोडीस तोड मारा करता आला. परंतु ज्या नौकेवर मोठ्या तोफा असतात तिला मुख्य लढाईच्या रांगेत उभे करण्याचा मोह कोणत्याही सेनापतीला आवरत नाही. ३१ मे १९१६ रोजी ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत झालेल्या जटलंडच्या लढाईत ‘इन्डिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तिन्ही ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या. ‘इन्व्हिन्सिबल’वरची एक हजाराहून अधिक माणसे गेली आणि सहा वाचली.

हा दोष पातळ चिलखतावर टाकणे सोपे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. माऱ्याचा वेग वाढावा म्हणून कॉर्डाइटचे, म्हणजे तोफेच्या दारूचे, साठे तोफांच्या बुरुजांजवळ रचून ठेवलेले असत आणि दारूगोळ्याच्या कोठाराकडे जाणाऱ्या वाटेवरचे सुरक्षेचे दरवाजे उघडे राहत. त्यामुळे बुरुजात पेटलेली ज्वाळा थेट कोठारापर्यंत उतरू शकत असे. ‘लायन’ ही नौका त्याच दिवशी वाचली त्याचे बरेचसे श्रेय मेजर फ्रान्सिस हार्वे यांना जाते. प्राणघातक जखमी अवस्थेत त्यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला होता. नियम मोडणारे खलाशी बेशिस्त नव्हते. लवकर आणि जास्त मारा करण्याची शाबासकी मिळत असल्यामुळे ते तसे वागत होते. नौकेची रचना माणसांना कोणत्या चुकीकडे ढकलते, हा प्रश्न विज्ञानकथेत फार क्वचित विचारला जातो, याची मला खंत वाटते.

आता हीच नौका अंतराळात नेऊ. तिथे पाण्याचा विरोध नाही, त्यामुळे ‘कमाल वेग’ या कल्पनेलाच फारसा अर्थ उरत नाही. दोन वेगळे प्रश्न उरतात: नौका एकूण किती वेगबदल करू शकते, आणि तो किती लवकर करू शकते. पहिल्याचे उत्तर रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणात आहे आणि ते निर्दय आहे. रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असे धरले, तर ९ किलोमीटर प्रतिसेकंद इतक्या वेगबदलासाठी इंधन भरलेली नौका रिकाम्या नौकेच्या सुमारे ७.४ पट जड असावी लागते. तोच वेगबदल दुप्पट हवा असेल तर हे प्रमाण सुमारे ५५ पटींवर जाते. म्हणजे पहिल्या नौकेवर एक टन वजनाची तोफ चढवली की तिच्यासाठी आणखी ६.४ टन इंधन लागते. दुसऱ्या नौकेवर त्याच तोफेसाठी ५४ टन.

विद्युतभारित कण मागे फेकून ढकलणारे आयन इंजिन वापरले तर इंधनाची मोठी बचत होते, पण तिथे दुसरा प्रश्न आडवा येतो. २००७ साली निघालेल्या ‘नासा’च्या ‘डॉन’ या यानाने आयन इंजिनाच्या बळावर सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगबदल साधला, परंतु शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोहोचायला त्याला चार दिवस लागत. लढाईत चार दिवस कोण देणार? तेव्हा लेखकाने आपल्या नौकेला ‘वेगवान’ म्हणताना ती लांबवर जाणारी आहे की चटकन वळणारी, हे आधी ठरवायला हवे.

निसटून जाण्याची गोष्टही तितकीशी सोपी राहत नाही. क्षेपणास्त्राला परत यायचे नसते, थांबायचे नसते आणि आत बसलेल्या माणसांच्या बरगड्यांची काळजीही घ्यायची नसते. त्यामुळे तेवढ्याच तंत्रज्ञानाने बनवलेले क्षेपणास्त्र नौकेपेक्षा नेहमीच चपळ ठरणार. शिवाय सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने येणाऱ्या धातूच्या तुकड्यात जवळपास स्वतःच्या वजनाइतक्या टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा असते. फिशर यांना वेगातच संरक्षण दिसत होते. इथे उलट तुमचाच वेग शत्रूच्या छर्‍यांना धार लावतो.

किंमत चुकवणारी नौका कथेत कशी दिसते, याचे एक चांगले उदाहरण १९९४ मध्ये ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेत आलेली ‘डिफायंट’ आहे. ती खास लढण्यासाठी आखलेली होती. तिच्यावर कुटुंबे नव्हती, प्रयोगशाळा नव्हत्या. छोट्या सांगाड्यात इतकी शक्ती कोंबलेली होती की चाचणीच्या वेळी पूर्ण ताकद लावताच तिचे तुकडे होण्याची वेळ आली आणि तो प्रकल्प बासनात गेला. त्यातले भौतिकशास्त्र बाजूला ठेवले तरी तिच्या घडणीमागे व्यवहार आहे, म्हणून ती खरी वाटते.

माझ्या मते अंतराळातल्या या वर्गाचे खरे दुखणे उष्णता हे असेल. निर्वातात उष्णता केवळ प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर टाकता येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे लांबरुंद रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारे पत्रे, जेमतेम ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतात. एक मेगावॅटचा लेसर ३० टक्के कार्यक्षमतेने चालला तर २.३ मेगावॅट उष्णता नौकेतच उरते. खोलीच्या तापमानाचे, दोन्ही बाजूंनी प्रारण सोडणारे रेडिएटर वापरले तर तिच्यासाठी सुमारे अडीच हजार चौरस मीटरचा पत्रा पसरावा लागेल. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे तेच रेडिएटर ९०० केल्विनपर्यंत तापवले तर ३१ चौरस मीटर पुरतील. मात्र लेसरची नाजूक उपकरणे त्या तापमानाला टिकत नाहीत, आणि उष्णता तिथवर चढवायला पुन्हा वेगळी ऊर्जा खर्च होते.

या पत्र्यांना जाड चिलखत चढवता येत नाही, कारण चिलखतामुळे उष्णता आतच अडकते. म्हणून शहाणी नौका लढाईच्या आधी रेडिएटर मिटून घेईल आणि उष्णता पाण्यात सोडून त्याची वाफ बाहेर फेकेल. एका मेगावॅटच्या लेसरला सेकंदाला सुमारे ९०० ग्रॅम पाणी लागेल. कथेतली नौका एवढ्यावर थोडीच थांबणार! तिचा लेसर १०० मेगावॅटचा धरला तर दहा मिनिटांच्या अखंड माऱ्याला ५४ टन पाणी हवे, आणि ते पाणी रणांगणापर्यंत वाहून नेण्यासाठी, वरच्या पहिल्या नौकेच्या हिशेबाने, जवळपास साडेतीनशे टन जादा इंधन. चार नॉटांच्या बदल्यात पाच इंच पोलाद गेले, तसाच हा सौदा आहे. इथे कमी पडतात ती लढाईची मिनिटे.

अशा नौकेवर जटलंडची चूक नव्या रूपात घडेल, असे मला वाटते. नवव्या मिनिटाला शत्रू डळमळीत झालेला असताना तोफप्रमुख पाणी वाचवण्यासाठी रेडिएटरचे एखादे पान अर्धे उघडून ठेवेल. पुढच्या लढाईत ते पान सुरुवातीपासूनच उघडे राहील, आणि त्या ताफ्यात सर्वाधिक माऱ्याचे बक्षीस त्याच नौकेला मिळत राहील.