तुम्ही विचारलंत म्हणून: रीमॅपनंतर क्लच कुठला टाकू?

महिन्यातून दोघंतिघं तरी विचारतात, दादा गाडी रीमॅप केली (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून जोर वाढवला), आता चढावर क्लच स्लिप मारतोय, सहा पकवाला (अख्ख्या गोलाऐवजी सहा सुटे तुकडे असलेला) सिरॅमिक क्लच मिळतोय, टाकू का? मी उलट विचारतो की गाडी रोज कुठल्या रस्त्यावर असते आणि घरात अजून कोण चालवतं. समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय. टाळत नाहीये हो, उत्तर तिथूनच सुरू होतं.

माझी ऑक्टाव्हिया आहे, 2.0 टीडीआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 320 एनएम (न्यूटन-मीटर), रीमॅपनंतर 400 च्या आसपास. पहिले काही महिने नुसती मजा. मग एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत होतो, चौघं गाडीत, डिकी भरलेली, चौथ्या गिअरमध्ये 1800 आरपीएमला पाय दाबला तर काटा सर्रकन वर गेला आणि गाडी आहे त्याच स्पीडला. वर पोचेपर्यंत तो जळका वास आत आलाच.

मी तेव्हा तेच केलं जे तुम्ही आता करायला निघालाय. सहा पकची सिरॅमिक प्लेट, मधे स्प्रिंग नसलेला सॉलिड हब (प्लेटचा मधला भाग), वर कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी). स्लिप बंद झाली, एकदम बंद. पण चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पुढे सरकवायची म्हणजे एक तर ती जागची हलायची नाही नाहीतर ठण्णकन झटका देऊन उडी मारायची, मधलं काही नाहीच, हाफ क्लच हा प्रकारच गेला. बाबा ती गाडी रोज सकाळी चालवायचे. त्यांचा डावा गुडघा आधीच दुखतो, चौथ्या दिवशी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, तू चालव आता, मला नाही जमत. मला फार लागलं ते. दोन महिन्यांत गिअरबॉक्स परत उतरवला, लेबर दुसऱ्यांदा भरलं.

आता कारण सांगतो. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, लायनरची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) पकड, प्लेटची सरासरी त्रिज्या, आणि घासणाऱ्या बाजू किती. दाब 7000 न्यूटन धरा, साध्या ऑरगॅनिक लायनरची पकड 0.3, त्रिज्या 10 सेंटिमीटर, बाजू दोन, गुणाकार केला की 420 एनएम. सिरॅमिकची पकड 0.4 धरली तर तोच सेट 560 वर जातो. ऐकायला भारी वाटतं, पण क्लचचं काम नुसतं धरायचं नाहीये, सुटताना हळूहळू धरायचंही आहे, आणि सिरॅमिकचे ते छोटे तुकडे तिथेच अडतात, ते तापल्यावर छान चालतात पण सावकाश घासत धरणं त्यांना जमत नाही. म्हणजे हिशोब असा की जेवढा टॉर्क लागतो त्याच्यावर थोडं राखीव ठेवा, पण दुप्पट घेऊन ठेवू नका, कारण ते जादाचं ओझं रोज तुमचा पाय उचलतो. नुसता दाब वाढवला तरी पेडल जड होतं, आणि पेडल दाबून धरलं की तो सगळा जोर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) थ्रस्ट बेअरिंगवर जातो, हे कोणी सांगत नाही.

डिझेलवाल्यांनी हॉर्सपॉवर बघू नका, टॉर्क बघा, आणि तो कितीला येतो ते बघा. आपल्या गाड्यांत सगळा जोर 2000 आरपीएमच्या आत अंगावर येतो, म्हणून स्लिप पण तिथेच दिसते, वरच्या गिअरमध्ये.

माझ्या गाडीत आता पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट आहे, स्प्रिंगवाला हब, आणि कंपनीपेक्षा थोडी कडक प्रेशर प्लेट. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनमागचं दोन भागांचं जड चाक, मधल्या स्प्रिंग धक्के शोषतात) नवीन टाकलं. बरेच जण पैसे वाचवायला सिंगल मास (एकसंध) लावतात, चालतं, पण डिझेलचे धक्के मग थेट गिअरबॉक्सकडे जातात आणि आयडलला खडखड ऐकू येते, मला ते नको होतं. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग आणि त्याचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे भाग) बदलून घ्या, आणि मागचं क्रँक सील पण बघा. सील गळत असेल तर जगातला कुठलाही क्लच तेलावर घसरणारच.

ट्विन प्लेट, म्हणजे दोन प्लेटचा क्लच? घासणाऱ्या बाजू चार होतात म्हणून तेवढ्याच दाबात दुप्पट धरतो, पेडल हलकं राहतं, पण खर्च बराच आणि आवाज करतो. 600 एनएमच्या पुढे जाणार असाल तर बघा. सिरॅमिक वाईट नाही, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग मारायला गाडी बनवत असाल तर तोच लागेल, पण त्या गाडीत आईला दवाखान्यात न्यायचं नसतं.

नवीन क्लच बसवल्यावर पहिले 800 किलोमीटर शहरातच, शांतपणे, फुल थ्रॉटल अजिबात नाही. लायनर फ्लायव्हीलवर नीट बसायला तेवढं लागतंच. ट्यूनरला सांगून तोवर स्टॉक मॅपवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) ठेवता आली तर अजून चांगलं.

आणि जुनी प्लेट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, मागून घ्या. माझ्या पहिल्या प्लेटवर काचेसारखी चकाकी आली होती आणि फ्लायव्हीलवर निळे डाग होते, म्हणजे तापून गेलेली. तुमचा लायनर रिव्हेटपर्यंत सारखा झिजलेला असेल तर रीमॅपचा दोष नाही, क्लच वयानेच संपलाय, अशा वेळी आधी कंपनीचा नवीन सेट टाकून बघा. तो धरला तर बाकी काही घ्यायची गरज नाही. प्लेटचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो.