‘तीन माणसांचा’ टेंट

पहाटे चारच्या सुमारास नाकावर थेंब पडला. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात पाऊस कुठून आला म्हणून चेन उघडून डोकं बाहेर काढलं, तर आभाळभर चांदण्या. मग टॉर्च वर धरला. टेंटच्या छताला आतून घामोळ्यासारखे बारीक थेंब जमले होते. तेवढ्यात मामेभावाने कूस बदलली, त्याचं डोकं कापडाला घासलं आणि दोघांवर सरच कोसळली.

तो टेंट मी मोबाइलवर फोटो बघून मागवला होता. ‘तीन माणसांचा, वॉटरप्रूफ’ आणि दोन जेवणांच्या खर्चात. कापड एकच, जाळी फक्त दारापुरती. रात्रभरात माणशी कपभर तरी वाफ श्वासाघामातून बाहेर पडते. तिला वाट नव्हती. गारठलेल्या कापडाला लागली की तिचं पाणी. म्हणजे कापड खरंच वॉटरप्रूफ होतं, फक्त पाणी आतलं होतं!

पाचनईतून चढून आल्यावर संध्याकाळी कोकणकड्याजवळ तंबू लावायला गेलो होतो, तेव्हाही त्याने नाटकं केली. वरवर मातीचा थर, खाली कातळ. दोन खुंट्या वाकल्या. शेवटी तिथल्या एका काकांनी सांगितलं, “दादा, हितं नका लावू. रात्री दरीतनं वारा वर येतो. मागं सरका झाडाच्या आडाला, अन् दोऱ्या धोंड्यांना बांधा.” मागे सरकलो म्हणून वाचलो. तरी एक फायबरचा पोल उभा चिरला आणि सकाळी आवरताना त्याचं कुसळ माझ्या बोटात गेलं. ते काढायला दोन दिवस लागले.

पुढच्या पावसाळ्यात एका ट्रेकहून ओला आलेला तोच टेंट मी तसाच माळ्यावर टाकला. दिवाळीच्या साफसफाईत पिशवी उघडली तर कुबट वास, आणि आतलं लेपन चिकट होऊन पापुद्रे सुटलेले. “हे घरात ठेवायचं नाही,” बायको म्हणाली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुसरा टेंट मात्र दुकानात जाऊनच घ्यायचा ठरवलं. नशिबाने तिथे दोन-तीन उभे करून ठेवले होते. बूट काढून आत आडवा झालो. माझी उंची पाच फूट दहा इंच. पहिल्यात डोकं एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकाला टेकले. म्हणजे तिथेही कापडाचं पाणी अंगावर येणार. ‘दोन माणसांचा’ म्हणजे झोपायला अंथरायच्या दोन कॅरीमॅट चिकटून. सॅक कुठे ठेवायची हे छापणाऱ्याने बघितलेलं नसतं. आम्ही दोघं, म्हणून तीनचा घ्यायचा, एवढं तिथेच ठरलं.

पिशवीवर २००० मिमी, ३००० मिमी असे आकडे होते. विक्रेत्या मुलाने नीट समजावलं: कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. तळाला हा आकडा जास्त हवा, कारण गुडघा टेकला की ओल्या जमिनीतलं पाणी दाबाने वर येतं. आकडा कितीही असला तरी शिवणीवर टेप नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येतं. मी फ्लाय, म्हणजे टेंटवरचं बाहेरचं आवरण, उलटी करून एकूण एक शिवण बोटाने चाचपली. मुलगा हसत होता, हसू दे.

शेवटी घेतला तो दोन थरांचा. आत जाळी जास्त असलेली खोली, वर वेगळी फ्लाय, दोन्हींत हातभर नाही तरी चार बोटं अंतर, आणि वर वाऱ्याला खिडकी. पोल ॲल्युमिनियमचे. खुंट्यांशिवायही स्वतःच्या पायावर उभा राहणारा, कारण आपल्या सह्याद्रीत कातळ सुटत नाही. वजन तीन किलोच्या आत. पोल आणि फ्लाय माझ्या सॅकमध्ये, आतली खोली आणि खुंट्या मामेभावाकडे. पैसे पहिल्याच्या चौपटीहून जास्त गेले. घरी निम्मेच सांगितले.

त्याच रविवारी गच्चीवर उभा केला. मी आत बसलो आणि मुलाला पाइप धरायला लावला. दहा मिनिटं त्याने मनसोक्त सूड उगवला. तळाशी एका कोपऱ्यात ओल दिसली. फ्लायची दोरी सैल होती, म्हणून फ्लाय आतल्या कापडाला चिकटली होती. दोरी ताणली, ओल थांबली. नंतर तो दोन दिवस दोरीवर वाळत घातला. आता प्रत्येक ट्रेकनंतर आमच्या गॅलरीत साड्यांच्या शेजारी टेंट असतो.

जानेवारीत राजमाचीला नेला. पहाटे हात बाहेर काढून फ्लाय आतून चाचपली तर चिंब. आतली खोली कोरडी. मामेभाऊ घोरत होता, हे एकच नव्या टेंटने थांबवलं नाही. दाराबाहेरच्या आडोशात मात्र एकाच माणसाचे बूट मावतात. माझे दवात भिजले होते.