उन्हाला सरावलेला खेकडा

नागपूरच्या मामाचा फोन असो की इथल्या भाषणानंतरची गर्दी, प्रश्न ठरलेला: "समुद्र तापला तरी उन्हाला सरावलेले खेकडे तगतीलच ना?" मामा वर म्हणतो, "आम्ही नाही का पंचेचाळीस अंशांत राहत?" दरवेळी मी वेळ मारून नेते. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेच.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे, मी अभ्यासते ते पोर्सेलीन खेकडे नाण्याएवढे, चपटे. पाय धरलात तर पाय तुमच्या हातात सोडून पळतील. सिंक्टिपेस ही जात वर राहते, दगडांखाली आणि शिनाण्यांच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या, दाटीत. ओहोटीला तिथं तापमान तिशीपर्यंत चढतं. तिची बहीण एरिओमेरस खाली, गार पाण्यात. एरिओमेरसचं हृदय साधारण २६-२७ अंशांना ढासळतं, सिंक्टिपेसचं ३१-३२ला. या कुळात उष्णतेचा असा तग वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलाय. मग वरचीच तगेल असं मला वाटत होतं, यात वावगं काय होतं? याच खेकड्यांवर काम करणारे जीवशास्त्रज्ञ जोनाथन स्टिलमन यांनी २००३ साली नेमकं उलट मांडलं होतं. वाचलं होतं, पटत नव्हतं.

ती दुपार मात्र विसरता येत नाही. उष्णतेची सवय व्हावी म्हणून कित्येक आठवडे कोमट पाण्यात ठेवलेली सिंक्टिपेस समोर होती. पाठीच्या कवचाला दोन बारीक भोकं, त्यातून हृदयाच्या दोन्ही बाजूंना तारा. पाणी हळूहळू तापवत नेलं. पडद्यावर ठोके दाट होत गेले, इतके की वेगळे दिसेनात. मी मनात म्हणत होते, अजून एक अंश, फक्त एक. गार पाण्यातल्या तिच्या सोबतिणी जिथं कोलमडल्या होत्या, जवळपास तिथंच हिचेही ठोके विस्कटले. मग लांब अंतर. मग एक ठोका. मी बटण बंद केलं आणि तिच्याकडे बघत बसले. खेकड्यासाठी रडतेस का, असं कोणी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.

कोमट पाण्यातल्या एरिओमेरसची मर्यादा मात्र चांगली वर सरकली होती. वरची आधीच कडेला उभी आहे. उन्हाळ्यातल्या वाईट दुपारच्या उष्म्यात आणि तिच्या मरणात जेमतेम एखाद-दोन अंश. जिनं सर्वांत जास्त कमावलं, तिच्याचकडे आता वाढवायला काही उरलेलं नाही.

तरी सगळ्या सिंक्टिपेस एकाच तापमानाला कोलमडत नाहीत. काही थोड्या उशिरा. त्यांची पिल्लं तशीच निघाली तर? मामाला मी अजून "नाही" म्हटलेलं नाही. "हो" म्हणणंही आता जमत नाही.